म्हशीपुढे अधिक की उणे : पंचगंगेकाठची पाच दिवसांची मोजणी

दिवस पहिला : राजाराम बंधारा आणि कोल्हापूर शहर

जानेवारीच्या अखेरीस पंचगंगा इतकी निवांत असते की हिला महापूर येतो हे नवख्या माणसाला सांगूनही पटू नये. आम्ही सकाळी कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर उतरलो तेव्हा बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले होते, वरच्या अंगाला तुंबलेले पाणी हिरवट दिसत होते आणि वैरणीचे भारे बांधलेल्या मोटारसायकलींची ये-जा चालू होती. पावसाळ्यात अख्खा जिल्हा याच बंधाऱ्यावरची पातळी तासातासाला विचारीत असतो. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ५६ फूट ३ इंचांवर. हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. आम्ही जे मोजायला निघालो होतो ते मात्र या आकड्यांत कोठेच नव्हते.

आम्ही चौघे होतो. मी भूगोल शिकवते, माझे सहकारी संगणकावर नकाशे करतात, आणि बरोबर पदव्युत्तर वर्गातल्या दोन विद्यार्थिनी होत्या. सामानात एक डम्पी लेव्हल, म्हणजे जमिनीचा चढ-उतार मोजायचे दुर्बिणीचे यंत्र, तिची स्टाफ, म्हणजे ओढून लांब होणारी उभी मोजपट्टी, हातात मावणारा जीपीएस, तीस मीटरची फीत आणि घरोघरी भरायच्या प्रश्नावलींचा गठ्ठा. पाण्याची पातळी मोजणारे पुष्कळ आहेत. आम्हांला मोजायची होती ती असुरक्षितता, म्हणजे एकाच उंचीचे पाणी दोन शेजारघरांत शिरले तर एक घर महिन्याभरात सावरते आणि दुसरे तीन वर्षे कर्ज फेडीत बसते, या फरकाचे माप.

असे माप काढणे अवघड का आहे, हे २०२१ सालच्या दोन अहवालांवरून ध्यानात यावे. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सर्व राज्यांची हवामान-असुरक्षितता एकाच चौकटीत मोजली होती. तीत झारखंड ०.६७ च्या आसपास सर्वांत वर आणि महाराष्ट्र ०.४२ च्या आसपास सर्वांत खाली होता, म्हणजे देशात सर्वांत कमी असुरक्षित. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या ‘कौन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्न्मेंट अँड वॉटर’ या संस्थेच्या अहवालात मात्र आसाम, आंध्र प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक आणि बिहार ही सर्वाधिक असुरक्षित राज्ये ठरली. एका यादीत तळाला असलेले राज्य दुसऱ्या यादीत पहिल्या पाचांत! यात कोणी चूक केली असे नाही. पहिल्या अहवालाने पूर, दुष्काळ, वादळ बाजूला ठेवून केवळ समाजाची अंगभूत स्थिती मोजली, आणि दुसऱ्याने आपत्ती किती वेळा अंगावर येते तेही त्यात मिसळले. हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीनेही, म्हणजे ‘आयपीसीसी’नेही, याच ठिकाणी शब्दांचा अर्थ बदललेला आहे. २००७ च्या चौथ्या अहवालात पुरासमोर उघडे असणे, त्याची झळ बसणे आणि जुळवून घेण्याची ताकद असणे या तिन्हींची बेरीज-वजाबाकी म्हणजे असुरक्षितता होती. २०१४ च्या पाचव्या अहवालापासून उघडे असणे हा भाग बाहेर काढून ‘जोखीम’ या मोठ्या पेटीत ठेवला गेला. त्यामुळे कोणी ‘असुरक्षिततेचा नकाशा’ समोर ठेवला, की तो २००७ च्या व्याकरणात लिहिला आहे की २०१४ च्या, हे आधी विचारावे लागते.

दुपार शहरात गेली आणि तिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पंचगंगा घाटापासून जयंती नाल्याच्या कडेकडेने सुतारवाड्यापर्यंत आलो. नदी चढली की नाल्याचे पाणी पुढे सरकायचे थांबते आणि मागे फुगत येते, त्यामुळे नदीपासून लांब वाटणाऱ्या गल्ल्या नदीकाठच्या गल्ल्यांच्या आधी ओल्या होतात. सुतारवाड्यातली माणसे दर मोठ्या पावसात सगळ्यांत आधी घरे सोडतात. भिंतींवर २०१९ आणि २०२१ च्या खुणा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की स्टाफ लावताना कोणती कोणती हे दोनदा विचारावे लागले.

नकाशावर इथे दोन रेषा आहेत. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई आणि निळी ते लाल या पट्ट्यात अटी. जोत्याची उंची मोजू देणाऱ्या एका घरमालकांनी शांतपणे सांगितले, “लाल रेषा म्हंजे आमच्या प्लॉटचा दर पाडायची रेषा.” मला हे बोलणे रागाचे वाटले नाही, हिशेबाचे वाटले. पूररेषा पाण्याचे वर्णन करते आणि जमिनीची किंमत बदलते. त्या दोहोंच्या मध्ये जो माणूस राहतो त्याच्याविषयी ती काहीच बोलत नाही, आणि तिने बोलावे अशी तिच्याकडून अपेक्षाही नाही. ते काम आमच्या गठ्ठ्याचे होते.

दिवस दुसरा : प्रयाग चिखली, आंबेवाडी, सोनतळी

कोल्हापूरच्या वायव्येला प्रयाग चिखलीजवळ कासारी आणि भोगावती एकत्र येतात आणि तेथून पुढे नदीला पंचगंगा म्हणतात. कुंभी आणि तुळशी त्याआधीच येऊन मिळालेल्या असतात, पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. संगमावर उभे राहिले की चारी बाजूंना ऊस, आणि जमीन इतकी सपाट की डोळ्यांना चढ-उतार कळतच नाही. पुढे नृसिंहवाडीपर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटर ही नदी अशाच सपाटीवरून वळणे घेत जाते, त्यामुळे चढलेले पाणी उतरायला दिवस घेते. डोंगरातल्या ओढ्याचा पूर रात्रीत येऊन रात्रीत जातो; इथला पूर मुक्कामाला येतो.

सहकाऱ्यांनी घरून निघतानाच एक नकाशा तयार करून आणला होता. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने टिपलेल्या जमिनीच्या उंचीवर तो आधारलेला होता, आणि नदीच्या पात्रापासून प्रत्येक चौकट किती वर आहे हे त्यात रंगाने दाखवले होते. या नकाशाची एक चौकट तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असते. गावच्या भाषेत सांगायचे तर ती जवळजवळ नऊ गुंठे झाली. नऊ गुंठ्यांत चिखलीच्या जुन्या गावठाणात किती घरे, गोठे, उकिरडे आणि बोळ मावतात हे तेथे उभे राहून मोजल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, मग यातल्या कोणत्या घराची उंची हा आकडा सांगतोय?” उत्तर असे की कोणत्याच नाही. शिवाय त्या रडारला जमीन दिसत नाही, जमिनीवर जे उभे आहे त्याचा माथा दिसतो. आंबराई असेल तर आंब्यांचा, गल्ली असेल तर कौलांचा. डोंगरी मुलखात दोन-चार मीटरांचा घोटाळा झाला तरी निभावते, परंतु जेथे पूर आणि कोरडे यांतला फरकच दोन-चार फुटांचा आहे, तेथे त्या रंगांवर विसंबून कोणाला वाचवायचे हे ठरवता येत नाही. म्हणून डम्पी लेव्हल.

सकाळभर आम्ही जोती मोजली. मंदिराच्या पायरीला आधारबिंदू धरून तेथून बोळाबोळाने पुढे जायचे, प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर स्टाफ उभी करायची, भिंतीवरच्या पूरखुणेवर पुन्हा उभी करायची आणि वहीत दोन आकडे लिहायचे. अकराच्या सुमारास आमचा हिशेब एका घरापाशी जवळजवळ दोन फुटांनी चुकला. तासभर उलटसुलट मोजल्यावर कळले की स्टाफचा सगळ्यांत वरचा टप्पा पूर्ण ओढलेला नव्हता. ती चूक माझ्याच हातची होती. त्या गल्लीतली सगळी घरे पुन्हा मोजली, आणि दुसऱ्या फेरीत लोकांनी चहाही पाजला.

१९८९ च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना उंचावरच्या सोनतळीत भूखंड दिले गेले. हे तेच सोनतळी, जेथे शाहू महाराजांचा कॅम्प होता. तीन दशके उलटून गेली तरी बऱ्याच कुटुंबांचे एक पाऊल इथे आणि एक तिथे आहे: काहींनी तिथे पक्के घर बांधले, काहींचा भूखंड नुसता पडून आहे, आणि वरती घर असलेल्यांचाही गोठा खाली गावातच आहे, कारण शेत खाली आहे, वैरण खाली आहे आणि पहाटे धार काढून डेअरीला दूध घालायचे आहे. आमच्या प्रश्नावलीत ‘पूरक्षेत्राबाहेर पर्यायी घर आहे काय’ असा एक साधा प्रश्न होता आणि ‘होय’ला चांगले गुण होते. एका गृहस्थांनी ‘होय’ सांगितले. मग ते म्हणाले की २०१९ ला बायकापोरे वरच्या घरी पाठवली आणि ते स्वतः पाणी गोठ्यात शिरेपर्यंत खालीच राहिले.

“म्हसरं सोडून कुटं जायचं?” त्यांच्या आई आतून बोलल्या. “मानसास्नी शाळंत जागा मिळती, म्हसरास्नी कोन देतंय?”

मी प्रश्नावली चाळली. चौदाव्या ओळीत ‘दुभती जनावरे : संख्या’ असा रकाना होता आणि त्याच्यापुढे आम्ही कार्यालयात बसून ‘क्षमता’ असे लिहिले होते, म्हणजे जनावरे जितकी जास्त तितके घर सुरक्षित. हे आम्ही मनचे लिहिलेले नव्हते. मोझांबिकमधील माबोटे आणि मोमा या जिल्ह्यांसाठी २००९ मध्ये मांडलेल्या आणि पुढे जगभर वापरल्या गेलेल्या उपजीविका-असुरक्षितता निर्देशांकातही पशुपालन हे उपजीविकेच्या वेगळ्या साधनांत, म्हणजे जमेच्या बाजूला धरलेले आहे. ते खोटे नाही. दर दहा दिवसांनी येणारे दुधाचे बिल हे ऊस बुडाल्यावर या घराला तारणारे एकमेव रोख उत्पन्न असते. पण पाणी चढत असताना त्याच म्हशी माणसाला उंबऱ्यावर बांधून ठेवतात.

निर्देशांक, म्हणजे सगळ्या निकषांचे गुण मिळून घराचा एक आकडा, काढण्याची रीत अगदी सोपी आहे आणि म्हणूनच तीत हा घोटाळा दिसत नाही. प्रत्येक निकषाचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, आणि प्रत्येक घर त्या दोहोंच्या दरम्यान कोठे बसते ते शून्य ते एक या पट्टीवर लिहायचे. गावात कमीत कमी शून्य आणि जास्तीत जास्त आठ म्हशी असतील, तर दोन म्हशींच्या घराला ‘म्हैस म्हणजे क्षमता’ या वाचनात असुरक्षिततेचे ०.७५ गुण मिळतात आणि ‘म्हैस म्हणजे अडकाव’ या वाचनात ०.२५. एकही जनावर नसलेले घर पहिल्या वाचनात पूर्ण एक, म्हणजे सर्वांत बिकट. दुसऱ्या वाचनात शून्य, म्हणजे सर्वांत मोकळे. मोजमाप तेच, घर तेच, म्हशीही त्याच. बदलले ते फक्त म्हशीपुढचे चिन्ह.

संध्याकाळी सोनतळीहून खाली पाहिले तेव्हा दोन्ही गावे उसात बुडाल्यासारखी दिसत होती. चौघांपैकी कोणीच फारसे बोलत नव्हते. सहकारी मात्र मधूनच ‘चौदावी ओळ, चौदावी ओळ’ असे पुटपुटत होते.

दिवस तिसरा : नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि ऊस

शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला मिळतात, आणि या तालुक्याची पुराशी ओळख एवढी जुनी आहे की देवाच्या नित्यक्रमातही पूर धरलेला आहे. पाणी चढून दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि लोक त्या पाण्यात स्नानाला येतात. पाणी वाढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामी मंदिरात हलवली जाते. पाण्याच्या कोणत्या पायरीला काय हलवायचे, कोणी हलवायचे आणि कोठे हलवायचे, हे सगळे येथे आधीच ठरलेले आहे; त्यासाठी ऐन वेळी बैठक घ्यावी लागत नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला पूर्वनियोजित कृती म्हणतात. देवाच्या बाबतीत ती आहे, गोठ्याच्या बाबतीत नाही, असे मी वहीच्या कोपऱ्यात लिहिले आणि मग थोडे खोडसाळ वाटले म्हणून खोडले. आज पुन्हा लिहिते आहे.

सहकाऱ्यांचे या दिवसाचे काम वेगळे होते. युरोपीय अंतराळ संस्थेच्या सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या रडार चित्रांवरून २०१९ चा पूर कोठवर पसरला होता याचा नकाशा त्यांनी केला होता. ढगांतून आणि रात्रीही पाहता येत असल्याने पावसाळ्यात साध्या छायाचित्रांपेक्षा हे रडारच कामाला येते. स्थिर पाणी रडारचा किरण आरशासारखा दूर फेकते, त्यामुळे चित्रात ते काळे दिसते, आणि काळे ते पाणी असे मानून नकाशा होतो. पण त्यांच्या नकाशात कुरुंदवाडच्या बाजूला नदीकाठीच कोरडे बेट दिसत होते आणि शेतकरी तर शपथेवर सांगत होते की तेथे कमरेइतके पाणी होते. प्रत्यक्ष शिवारात गेल्यावर उलगडा झाला. तेथे उंच वाढलेला ऊस होता. ऊस पुरता बुडाला नाही आणि शेंडे वर राहिले, तर काही किरण दाट पानांतच अडकतात, आणि जे खाली पोहोचतात ते पाण्यावर आपटून उसाच्या कांड्यांवर आणि तेथून पुन्हा वर परततात. मग चित्रात ती जागा काळी न दिसता उजळ दिसते. आपल्याकडे पूरक्षेत्राचे मुख्य पीकच ऊस आहे, म्हणजे नकाशाची चूक नेमकी सगळ्यांत ओल्या जमिनीवर होते. शिवाय उपग्रह एका जागेवरून काही दिवसांच्या अंतराने जातो, आणि त्याच्या फेरीच्या दिवशीच पूर शिखरावर असेल असे नाही.

शिवारात ऊसतोड चालू होती. मराठवाड्यातून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, ओढ्याच्या कडेला, अगदी सखल जागी उभ्या होत्या. ‘आत्ता पाहणी केली तर ही कुटुंबे सर्वांत असुरक्षित ठरतील,’ असे एक विद्यार्थिनी म्हणाली आणि लगेच दुसरीने तिला थांबवले, कारण पूर ऑगस्टमध्ये येतो आणि तेव्हा ही माणसे आपापल्या गावी पाऊस कधी पडतो याची वाट बघत असतात. पाहणी कोणत्या महिन्यात केली यावर नमुन्यात कोण सापडते हे अवलंबून राहते. जनगणनेचे आकडे वापरणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे: २०११ नंतरची जनगणना हाती नाही, त्यामुळे २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांनंतर कोण गाव सोडून गेले, कोणी घर उचलून बांधले, हे गावपातळीच्या कोणत्याही अधिकृत तक्त्यात दिसत नाही.

दुपारी एका दुमजली घरात बसलो. प्रश्नावलीत दुमजली घराला जमेचे गुण होते. घरमालकीण बाईंनी जिन्याची एक पायरी दाखवली. २००५ चे पाणी त्या पायरीपर्यंत आले होते, म्हणून २०१९ ला त्यांनी धान्य, टीव्ही, कागदपत्रे आणि सासूबाईंना वरच्या मजल्यावर नेले आणि बाहेर पडायचा निरोप आला तेव्हा ‘आमचं वरपर्यंत येत न्हाई’ म्हणून सांगितले. २०१९ चे पाणी २००५ च्या वर गेले. जिना बुडाल्यावर खाली उतरायची वाटच उरली नाही आणि चौथ्या दिवशी बोट आली. या घरात जी-जी गोष्ट आम्ही ताकद म्हणून लिहून आणली होती, म्हणजे दुसरा मजला, पुराचा पूर्वानुभव, गावातला चाळीस वर्षांचा वास, ती प्रत्येक गोष्ट त्या चार दिवसांत त्यांच्या विरुद्ध गेली होती. नंतरच्या वर्षांत मात्र त्याच वरच्या मजल्यावरच्या कागदपत्रांमुळे त्यांना मदत लवकर मिळाली. शेजारच्या वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबाला पिकाची भरपाई मिळाली नाही, कारण सातबाऱ्यावर नाव मालकाचे होते.

मला वाटते, या प्रवासात मी जे काही शिकले ते याच जिन्यावर. निकषाला चिन्ह नसते. निकष आणि वेळ या जोडीला चिन्ह असते.

राजापूरच्या बंधाऱ्यावरून पुढे खिद्रापूरला जाऊन कोपेश्वराचे दर्शन घेतले, पण तेव्हा अंधारून आले होते आणि मंदिराविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिलेले आहे.

दिवस चौथा : सांगली आणि ब्रह्मनाळ

सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. पुलाच्या खांबावरची मोजपट्टी ही सांगलीची घटका: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि २०१९ ला ५७ फूट ६ इंच. २०२१ ला कोल्हापूरने २०१९ चा उच्चांक मोडला, पण सांगलीत पाणी २०१९ च्या खालीच राहिले. एकाच खोऱ्यातल्या दोन शहरांना ‘मोठा पूर’ म्हटल्यावर वेगवेगळी वर्षे आठवतात. पुलावर उभे राहून सहकाऱ्यांनी मुलींना एक गोष्ट नीट समजावून सांगितली. कोल्हापूरचे ४३ आणि सांगलीचे ४५ यांची तुलना करता येत नाही, कारण दोन्ही पट्ट्यांचा शून्य आपापल्या जागेचा आहे, आणि खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची पातळी तर समुद्रसपाटीपासूनच्या मीटरांत सांगितली जाते. तिन्ही एका नकाशावर आणायचे तर प्रत्येक पट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची हवी. चहाच्या गाड्यावर अर्थातच विषय अलमट्टीवर गेला, ५१९.६० मीटरची ५२४.२५६ झाली तर काय होईल यावर. तो वाद महत्त्वाचा आहे. पण तो पाणी किती येईल याचा वाद आहे, आणि आम्ही पाणी आल्यावर कोणाचे काय होईल ते शोधत होतो, म्हणून आम्ही ऐकून घेतले आणि चहाचे पैसे दिले.

तेथून ब्रह्मनाळला गेलो. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचे हे गाव. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून लोकांना बाहेर नेणारी बोट येथे उलटली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. आम्ही येथे प्रश्नावली काढली नाही. एका वयस्कर गृहस्थांशी बोलताना त्यांनी आपणहून एवढेच विचारले, “तुमच्या कागदावर बोटीचं काही हाय का?” नव्हते. ‘आपत्ती निवारण साधनांची उपलब्धता : होय / नाही’ असे एक खाते होते. बोट आहे, एवढ्यावर ते भरता आले असते. तीत किती माणसे बसू शकतात, ती चालवणारा कोण, जीवरक्षक जॅकेटे किती, आणि पाणी कितीवर गेल्यावर ती पहिल्यांदा निघणार, यांपैकी काहीच त्या खात्यात मावत नव्हते.

दिवस पाचवा : पुन्हा कोल्हापूर, आणि दुपारी पुन्हा चिखली

सकाळी मुक्कामाच्या खोलीत प्रश्नावलींचे आकडे संगणकात भरले. निकषांना वजन किती द्यायचे यावर आमच्यात आधीपासून मतभेद होता. माझे म्हणणे, सगळ्यांना सारखे वजन द्यावे, निदान कोणाचा पक्षपात तरी दिसत नाही. सहकाऱ्यांना १९८२ ची अय्यंगार-सुदर्शन पद्धत हवी होती. तीत ज्या निकषाचे आकडे घराघरांत फार पसरलेले असतात त्याला कमी वजन मिळते, म्हणजे एखाददुसरा उधळलेला निकष सगळी क्रमवारी ओढून नेत नाही. दोन्ही रीतींनी गणित करून पाहिले. क्रमवारीत थोडी हलवाहलव झाली, पण वरची घरे बहुतेक वरच राहिली. मग वजने तशीच ठेवून फक्त जनावरे, दुसरा मजला आणि पूर्वानुभव या तीन निकषांची चिन्हे उलटी केली, आणि यादीचे तोंडच बदलले. वजनांवर शोधनिबंध लिहिले जातात; चिन्ह मात्र पहिल्या दिवशी कोणीतरी टेबलावर बसून ठरवतो आणि त्यानंतर त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. आमच्या बाबतीत ते टेबल माझे होते.

आम्ही एकाऐवजी दोन निर्देशांक करायचे ठरवले. पहिला पाणी चढत असतानाच्या दिवसांचा: त्यात म्हैस उणे, दुसरा मजला उणे, अंथरुणाला खिळलेले माणूस उणे, जोत्याची उंची अधिक. दुसरा पाणी उतरल्यानंतरच्या वर्षांचा: त्यात म्हैस अधिक, सातबाऱ्यावरचे नाव अधिक, सावकाराचे कर्ज उणे. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले तेव्हा सगळ्यांत गडद घरे वेगवेगळी होती, आणि हे मला बरोबर वाटले. पहिल्या नकाशातल्या घरांना बोट आणि गोठ्यासाठी उंच जागा हवी आहे, दुसऱ्यातल्या घरांना पैसा आणि कागद. एकाच आकड्यात दोहोंची सरासरी काढली की दोन्ही घरे मधल्या फिकट रंगात जातात आणि तेथून ती कोणालाच दिसत नाहीत.

चौदावी ओळ अशी बदलली: ‘जनावरे कोठे हलवता येतील, आणि त्या वाटेवर पाणी बंधाऱ्याच्या किती फुटांना येते?’ प्रश्न छान दिसत होता, पण उत्तर देता येण्याजोगा आहे की नाही हे पाहायला दुपारी पुन्हा चिखलीला गेलो. त्या गृहस्थांनी प्रश्न ऐकून घेतला, आकडा काही सांगितला नाही. चपला घातल्या आणि आम्हांला सोनतळीच्या वाटेवरच्या सखल भागातल्या एका मोरीपाशी, म्हणजे छोट्या पुलापाशी, घेऊन गेले. घरापर्यंत पाणी यायच्या पुष्कळ आधी ही मोरी बुडते, आणि एकदा बुडाली की म्हशी पलीकडे पाऊल टाकत नाहीत, असे ते म्हणाले. म्हणजे त्यांच्या घराची धोका पातळी उंबऱ्यावर नव्हतीच, ती या मोरीवर होती, आणि आम्ही तीन दिवसांपूर्वी जिथे दोनदा स्टाफ लावली होती तो उंबरा त्या दृष्टीने निरुपयोगी होता.

देवळाच्या पायरीपासून मोरीपर्यंत लेव्हल आणायला आम्हांला सहा ठाणी करावी लागली, म्हणजे सहा जागी यंत्र मांडावे लागले. शेवटच्या ठाण्याला विद्यार्थिनी मोरीच्या कठड्याशी स्टाफ धरून उभी राहिली, तेवढ्यात चरून परतणाऱ्या म्हशी आल्या. त्या थांबेनात, म्हणून तीच स्टाफ घेऊन बाजूला झाली. सगळ्या पलीकडे गेल्यावर ती पुन्हा त्याच जागी उभी राहिली आणि सहकाऱ्यांनी वाचन घेतले.